सगळ्यांत मंद मशीनच्या मापानं

भूकंपानंतर आम्ही पत्र्याखाली राहायला गेलो ते राहिलोच. पुनर्वसनात रांगेतलं एक घर मिळालं होतं, सिमेंटचं, शेजारच्यासारखंच हुबेहूब. त्यात आई कडबा ठेवायची आणि आम्ही समोर पत्र्यात झोपायचो. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. आजोबांना ढिगाऱ्यातून त्यांनीच काढलं होतं. त्यानंतर डोक्यावर स्लॅब त्यांना सोसेना. "आपल्या हातानं रचलेली भित पडली," ते म्हणायचे, "मंग दुसऱ्यानं बांधलेलीत काय घातलंय, मला काय म्हाईत?" उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की पुस्तकाचं पान हाताला गरम लागायचं. डोक्यावर ओला टॉवेल घेऊन मी बारावी केली. रडत केली, पण केली.

घराण्यातली पहिली पदवी माझी, नांदेडहून, कॉम्प्युटरची. हे मी मिरवते आणि मिरवणारच. कॉलेजात असताना दुपारी एका चाचांच्या दुकानात बसायचे. आधी रेडिओ, मग टीव्ही आणि शेवटी कॉम्प्युटर दुरुस्त करायला लागलेले चाचा. पदवी हातात आल्यावर लातूरला एका क्लासमध्ये लॅब सांभाळायची नोकरी लागली. आई-दादांना पत्र्यातून काढायचं तर ती टिकायला हवी होती. दुसरी कुठं दिसत नव्हती.

लॅब म्हणजे बंद पडलेल्या ऑफिसातून उचललेली जुनी मशीनं. कुठलीही दोन एका जातीची नव्हती. आत टाकलेली चोरीची सिस्टीम व्हायरसनं सडली होती आणि नवी कुठलीच त्यांना पेलत नव्हती. क्लासचे मालक, आमचे सर, यांनी मात्र चौकात फलक लावून टाकला: आता सराव परीक्षा कॉम्प्युटरवर!

"मॅडम, पुढच्या रविवारी पहिली टेस्ट. मशीनं चालली तर तुम्ही आमच्या. नाहीतर सोमवारी दुसरा माणूस," सर हसत म्हणाले. सर हसत बोलले की ते खरं असायचं.

मी नांदेडची एसटी धरली. चाचांकडं लिनक्स नावाच्या फुकट सिस्टीमच्या एका प्रकाराची सीडी होती. हा प्रकार तयार मिळत नाही. त्याचा कोड मिळतो, आणि एकेक प्रोग्राम आपल्या मशीनवर आपण बांधून घ्यायचा. हवं ते ठेवायचं, नको ते गाळायचं. म्हणजे जुन्या मशीनला झेपेल एवढंच तिच्या अंगावर.

"चाचा, हे वापरायचं कुणी?"

"ज्याला शौक हाय आन् फुरसत हाय, त्यानं. तुला हाय का फुरसत?"

"न्हाई."

"मंग ज्याला दुसरा इलाज न्हाई, त्यानं. बेटा, तयार चालत असंल तर तयारच घे. ह्याच्या नादी लागलीस तर रडशील."

"त्याची सवय हाय मला."

"घेऊन जा मग. पण मला फोन करू नको," म्हणाले, आणि सीडीच्या पाकिटावर आपला नंबर लिहून दिला.

रडले मी. एक मोठा प्रोग्राम बांधायला कैक तास लागायचे, आणि मधेच लाईट जायची. गेली की तो प्रोग्राम पहिल्यापासून. क्लासचं जनरेटर बॅच असेपर्यंतच, आणि ते सुरू होईतो मशीन बंद पडलेलं असायचं. पलीकडं प्लायच्या भिंतीमागं फिजिक्सवाल्यांचा धडा संपायचा, माझा प्रोग्राम संपायचा नाही. पडद्यावर ओळी सरकायच्या आणि मी मशीनच्या कॅबिनेटवर हात ठेवून बसायचे, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा. एका दुपारी लाईट गेल्यावर मी टेबलावर डोकं टेकून मोठ्यानं रडले. पलीकडच्या वर्गाला ते ऐकू गेलं. मग शिकवणाऱ्यांनी आवाज चढवला.

एवढंच धरून होते की, दादांच्या भाषेत, या भिंतीत काय घालतेय ते मला दिसत होतं.

शेवटी सरांनीच वाट काढली. "माझ्या केबिनमधलं नवं मशीन घ्या, त्याला इन्व्हर्टर आहे. एकदा तिथं बांधा आणि सगळ्यांना वाटा. टॉपरच्या नोट्स आपण सगळ्यांना वाटतोच की."

मला पटलं. त्या नव्या प्रोसेसरची सगळी ताकद वापरून मी सिस्टीम बांधली. काय पळत होती! शनिवारी सकाळी ती जुन्या मशीनवर उतरवली आणि बटण दाबलं. पडद्यावर एकच ओळ आली, ही आज्ञा कळत नाही अशा अर्थाची, आणि सगळं थिजलं. दुसऱ्या मशीनवर तेच. तिसऱ्यावर तेच. मी बाहेर जिन्यात जाऊन बसले. घरी काय सांगायचं, तेच डोक्यात फिरत होतं.

खालच्या पायरीवर बॅचच्या दोन पोरी नोट्सच्या झेरॉक्स चाळत होत्या.

"टॉपर बॅचच्या हायेत ग. लई भारी."

"तुला कळून राहिल्या का?"

"पहिली ओळच कळंना. पुढचं काय सांगू?"

मी उठलेच. जुन्या मशीनना नव्याची भाषा येत नव्हती, एवढंच झालं होतं. सगळ्यांत मंद मशीन कोणतं ते शोधायचं आणि त्याच्या मापानं बांधायचं. बाकीच्यांना ते चालणारच.

सर केबिनमध्ये पालकांबरोबर बसले होते; मी पुन्हा त्यांचं मशीन मागितलं. "पुन्हा? मॅडम, माणसं बसलीत."

"सर, माणसांना बाहेर बसवा."

असं मी आजवर कुणाशी बोलले नव्हते. सर उठले. चित्रं गाळली, गाणी गाळली, छपाई गाळली. कीबोर्ड, माऊस, नेटवर्क आणि टेस्टचं पान, बास. शेवटची बॅच सुटायच्या आत बांधून सगळ्या मशीनवर उतरवलंही.

आता पोरं विचारतात, मॅडम, ही सिस्टीम आम्ही टाकावी का? मी विचारते, तयार असलेली चालत नाही का? चालत असेल तर तीच वापर आणि अभ्यासाला बस.

त्या रविवारी मशीनं हळूहळू, एकामागून एक उठली आणि टेस्ट शेवटपर्यंत चालली. नोकरी राहिली. दिवाळीनंतर आई-दादा लातूरला आले. दादांची खाट अजून दाराजवळच असते, पण ते स्लॅबखाली झोपतात.