मुकं कुत्रं

"तुझं तुझ्यापाशी ठेव, कारकुना," असं म्हणून मुकादमांनी मी दिलेलं पॉमेरियनचं पिल्लू माझ्याच मांडीवर आणून टाकलं. आणि मी हसलो. माझं चुकलं ते तिथं.

मुकादम चिंचवडला आमचे शेजारी. रूळ सांभाळणाऱ्या टोळीचे मुकादम होते, निवृत्तीनंतरही तेच नाव राहिलं. बायको गेलेली, घर रुळाला लागून, आणि रोज सकाळी रुळावरून चालत आपली जुनी हद्द तपासायची सवय. मी पिंपरीच्या नव्या औषध कारखान्यात कारकून. म्हणजे त्यांच्या लेखी सावलीत बसून पगार खाणारा प्राणी. माझ्या नमस्काराला चार वर्षांत उत्तर आलं नव्हतं.

चाकणकडे दिलेली त्यांची मुलगी म्हणाली, आबा एकटे असतात, सोबतीला एखादं कुत्रं बघा. मी मनापासून विचार केला. अल्सेशियन ओढून पाडेल. म्हाताऱ्या माणसाला लहानसं, पण भुंकणारं हवं. साहेबांच्या कुत्रीचं पिल्लू मिळवलं. ते भुंकलं की आमच्या फळीवरचे कप किणकिणायचे.

तिसऱ्या दिवशी मुकादम ते परत घेऊन आले. "फसवलंस मला. कुत्रं मुकं हाय."

मांडीवरचं पिल्लू तेव्हा माझ्या कानात भुंकत होतं. मी हसलो, ओट्यावरचे चौघे हसले. मुकादमांनी एकेकाचं तोंड बघितलं. पिल्लू भुंकतंय, हे त्यांना कळलं.

तेव्हापासून मी दिसलो की ते थुंकायचे. बातमी मुलीकडे पोचली आणि ती त्यांना आपल्या घरी न्यायला आली. त्यांनी तिला हाकललं, चाकणच्या बाजारात गेले आणि धनगराचं कुत्रं घेऊन आले. केसाळ, पिवळ्या डोळ्यांचं. भुंकायचंच नाही, मेंढी भरकटली की तोंडानं ओढून आणायची, एवढंच त्याला ठाऊक. मला दोनदा चावलं. दोन्ही वेळा मुकादमांनी त्याला जास्तीची भाकरी घातली.

एका सकाळी मी कामावर निघालो होतो. मालगाडी शिट्ट्यांवर शिट्ट्या देत आली आणि मुकादम तिच्यापुढे रुळावरून निवांत चाललेले. कुत्र्यानं धोतर धरलं आणि त्यांना खडीवर खेचून पाडलं. गाडी गेल्यावर मी धावलो.

"बघतोस काय? कुत्रं बराबर निवडलंय मी." धोतर झटकत ते थांबले. "पोरीला सांगू नगंस."

त्यांनी माझ्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट. मी रविवारी चाकणला जाऊन सांगून आलो.

मुलगी बैलगाडी घेऊन आली. मुकादम आमच्याकडे पाठ करून बसले. कुत्रं गाडीखाली, आसाच्या सावलीत चालू लागलं. सांभाळून जा, असं मी जीव तोडून ओरडलो. त्यांनी वळून बघितलं नाही.

घरात आल्यावर, माझं बरोबरच होतं, असं मी बायकोला तीनदा समजावलं. ती म्हणाली, "कुणाला बोलू नको, असं त्यांनी मलाही सांगितलं होतं. चार वर्षं मी त्यांच्याशी ओरडून बोलत होते. तुम्हाला वाटलं, भांडतेय."