प्रेसखाली ठेवलेला हातमोजा

तिला सगळे हातोडीच म्हणत. पाच वर्षांची असताना तिने घरातला रेडिओ हातोडीने फोडला होता, आत बोलणारी बाई बघायला. बाई सापडली नाही, आईचा मार तेवढा मिळाला. सवय मात्र गेली नाही आणि मोठेपणी पगारही त्याचाच मिळू लागला. यंत्रांच्या मेंदूत अगदी तळाशी जो प्रोग्राम असतो, ज्याला ते लोक कर्नल म्हणतात, तो ती लिहायची. बाकीचे प्रोग्राम वर मिरवतात, हा खाली बसून मेमरी वाटतो. लॉजच्या मॅनेजरचंच काम म्हणा ना. एकाला खोली द्यायची, त्याचं झालं की किल्ली परत घ्यायची, दुसऱ्याला द्यायची.

तिचा दादा पत्रा दाबायच्या प्रेसवर होता. दोनशे टनांचं धूड ते, आणि त्याच्या मेंदूत हिचाच कर्नल. "माझ्या मशीनला अक्कल माझ्या बहिणीने दिलीय," असं दादा जेवणाच्या सुट्टीत भेटेल त्याला ऐकवायचा. लोक कंटाळायचे, हा कंटाळायचा नाही.

मंगळवारी सकाळी प्रेस आपण होऊन खाली आली, तेव्हा दादाचा उजवा हात आत होता. चौघांनी पहारी घालून साचा वर उचलला. चार बोटं पत्र्यावर चेपून बसली होती, नखांसकट. अंगठा तेवढा वाचला. फोरमन धावत आला, रक्ताचं थारोळं बघितलं आणि पहिलं वाक्य काय बोलला, तर "झोपला होतास का रे?" दादाने डाव्या हाताने त्याच्या थोबाडावर असा ठोसा हाणला, की दोन दात जमिनीवर आले. मगच तो बेशुद्ध पडला.

"हात आत दिसला तर प्रेस उतरतच नाही, तसा डोळा बसवलाय तिला," फोरमन तोंडाला फडकं धरून सांगत सुटला. "यानेच काहीतरी काड्या केल्या असणार." बुधवारी सकाळी हुकूम निघाला. गुरुवारी दुपारी दोनला प्रेस सुरू, आणि दादाच्या जागी त्याचा जोडीदार लंबू.

दवाखान्याच्या जिन्यात वहिनीने हातोडीला गाठलं. "वन्सं, खरं सांगा. हे खोटं बोलतायत की तुमची मशीन?"

"मशीन, वहिनी."

"मग उद्या दोनच्या आत शोधा. लंबूभावजींचे दोन्ही हात अजून जागेवर आहेत."

हातोडी ऑफिसात गेली. प्रेसच्या मेंदूसारखीच दुसरी पेटी टेबलावर मांडली. प्रेसच्या ऐवजी एक दिवा जोडला, दिवा लागला म्हणजे प्रेस पडली असं समजायचं. मग तिने त्या पेटीला पिटायला घेतलं. मिनिटाला हजारदा तोच खेळ. हात आत, हात बाहेर, हात आत. तासाभरात दिवा भसकन पेटला आणि लगेच कर्नल आडवा झाला.

मरताना कर्नल शेवटचे आकडे लिहून ठेवतो. त्यात नाव निघालं प्रेसच्या अंगावरचे लाल-हिरवे दिवे लावणाऱ्या प्रोग्रामचं. शेजारचा टेबलवाला म्हणाला, "सापडला खुनी!"

"मुडदा सापडलाय," ती म्हणाली. "खून कुठे झाला ते बघायचंय अजून."

मग तिने जागोजागी "इथे पोचलो, तिथे पोचलो" असं लिहून दाखवणाऱ्या ओळी घातल्या, आणि पेटी पडायचीच थांबली. दुपार गेली, दिवा गप्प. साहेब हात चोळत आले. "त्या ओळी असल्या की पडत नाही ना? मग राहू देत. हाच कर्नल पाठवू कारखान्यात."

"साहेब, ओळी लिहिण्यात वेळ जातो म्हणून दोन प्रोग्रामांची टक्कर चुकतेय. रोग आहे तिथेच आहे."

"उद्या दोनला मशीन सुरू व्हायचीय, हातोडी. तुझं तत्त्वज्ञान संध्याकाळी ऐकू."

आणि पाठवला की हो त्यांनी, ओळींसकट!

गुरुवारी सकाळी तिने आपल्या पेटीतल्या ओळी उपटून काढल्या आणि विष पेरलं. त्यांच्या धंद्यात तसंच म्हणतात. परत आलेली प्रत्येक खोली एकाच ठरावीक आकड्याने भरून टाकायची. किल्ली परत देऊनही जो चोरून आत शिरेल, त्याच्या तोंडात तो आकडा सापडणार. साडेअकराला पेटी धाडकन कोसळली. आकडा सापडला डोळ्याच्या प्रोग्रामच्या तोंडात. बिचारा "हात आत आहे" असं लिहून ठेवायचा, प्रेसने ते वाचण्याआधीच कर्नल त्याची खोली काढून दिव्यांना द्यायचा. दिवे त्यावर आपलं काहीतरी लिहायचे. प्रेसला वाटायचं, हात नाही.

खोली आधीच काढून घेणारी ओळ कोणाची, ते तिने बघितलं. दोन वर्षांपूर्वीची तारीख. तिचीच. खोलीचं कुलूप थोडं लवकर उघडलं तर काम झपाट्याने होतं, म्हणून तिने ते लवकर उघडलं होतं. साहेबांनी तेव्हा सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या होत्या. तिने टेबलावरचा कप भिंतीवर फेकला. चिंध्या झालेल्या त्या बोटांपुढे कपाचे तुकडे काय, काहीच नाही.

दीडला ती कारखान्यात पोचली. हातात दादाचा डावा हातमोजा, आत ठासून ओली माती, मनगटात काठी. "लंबू, तू लांबून बटण दाब. आत हा हात राहील. आणि प्रेसवरचे सगळे दिवे, सगळे आकडे एकदम चालू करा."

"बाहुल्या खेळायला आलात का बाई?" फोरमन बोळक्यातून म्हणाला.

लंबू बटण दाबत राहिला. प्रेसला हातमोजा दिसत होता, ती जागची हलत नव्हती. अकरा मिनिटं गेली. फोरमनने घड्याळाकडे बोट दाखवलं, "झालं ना समाधान? लंबू, चल, उभा राहा..."

धडाम्! जमीन हादरली. काठीच्या चिरफळ्या उडाल्या, एक फोरमनच्या गालात घुसली. माती त्याच्या शर्टावर उडाली. साचा उचलला तर हातमोजा पापडासारखा पत्र्याला चिकटलेला. लंबू स्वतःची बोटं मोजत बसला, दोनदा.

"त्याने काड्या केल्या नव्हत्या," हातोडी म्हणाली. "चूक कर्नलची आहे. ती ओळ मी लिहिली होती. लिहून घ्या."

प्रेसला कुलूप लागलं, फोरमनने तिचा जबाब लिहून खाली सही केली. मग ती दवाखान्यात गेली आणि खाटेशी उभं राहून दादाला सगळं सांगितलं, टाळ्यांसकट.  दादाने डावा हात उचलला. ती हलली नाही. चपराक अशी बसली की पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला.

"ओळ दुरुस्त केलीस?"

"केली. विष पेरून तपासतेय अजून. आठवडाभर पडली नाही, तरच कुलूप निघेल."

"लंबू?"

"दोन्ही हातांसकट घरी गेला."

दादाने डोळे मिटले. "मग बस. आणि पाणी दे, मला डाव्या हाताने पेला धरता येत नाही अजून."