चालत्या डायनामोचा नारळ

खंडेनवमीच्या सकाळी आश्रुबामामानं जिनाच्या दारात टायरच्या वहाना काढल्या अन् तिथंच अडून ऱ्हायला. परभनीतलं, झरीच्या रस्त्यावरचं, कापसातली सरकी काढायचं जिन. आतल्या बिनखिडकीच्या खोलीत, मामा चालवायचा तो बिजलीचा डायनामो घरघरायलाय, फरशी धुऊन वली चिंब, अन् मालक व्यंकटराव नवा फेटा बांधून नवरदेवावानी हुबा. शेजारी खुर्चीत तहसीलदार साहेब.

"मालक, मशीन बंद करू द्या," मामा म्हनला. "पूजा झाली की लगीच चालू करतो."

"अन् साहेबाला अंधारात बसवू? दिवे बगायला आलेत ते."

"मंग वहाना तरी घालू द्या."

मुनीम बन्सीधर फिसकन हसला. "ऐका! पायतान घालून नारळ फोडनार म्हनं. आरं, लक्षुमी हाय ती, म्हैस न्हाई."

"लक्षुमीच हाय, मुनीमजी. पन धरलं की सोडत न्हाई."

मामाला ठाऊक व्हतं. ह्या डायनामोची बिजली झटका देऊन फेकायची न्हाई, घोरपडीवानी चिकटायची. मागं एकदा उघड्या तारंवर हात पडला तव्हा मूठ आपोआप वळली, ती काही केल्या उघडंना. वरडावं तर आवाज निघंना. संगतीच्या लिंबाजीनं वाळल्या लाकडानं हातावर हानलं तव्हा सुटला. पुढं लय दिस कस्तुरामामी भाकर मोडून त्याच्या तोंडात घालायची. अन् मालक काय म्हनला? "मशीन बी कामचोर वळखती." लय शानं मानूस! स्वता कंदी बटनाला बोट लावलं न्हाई.

त्या दिसापासून मामानं मोटारीच्या जुन्या टायरच्या वहाना शिवून घेतल्या. त्या पायात असल्याबिगर डायनामोपाशी जायचा न्हाई. जिनातले चिडवायचे, "आश्रुबा मोटारीतून आला, वाट सोडा!" मामा म्हनायचा, "हसा लेको. तुमी तिरडीवर जाल, मी मोटारीतच जाईन."

अन् आज गेला अनवानी. न्हाई म्हनला असता तर दुसऱ्या दिशी जिनाचं दार बंद. सगळे टकमका बगायलेत, साहेब घड्याळ बगायलेत. मामानं टोपी नीट केली अन् वल्या फरशीवर पाय ठिवला.

नारळ फुटला. पानी मशीनवर उडालं, मामाच्या हातावरून वघळलं. त्यानं हळदीचं बोट लावलं अन् हात तिथंच ऱ्हायला. सारं आंग लटलट कापाया लागलं, डोळे वर गेले, दातखीळ बसली.

अन् ह्या शान्यांनी काय करावं? बन्सीधर वरडला, "देवी आली! आश्रुबाच्या आंगात देवी आली! उदो! उदो!" मालकानं फेट्यासकट मान वाकवून हात जोडले. साहेब बी खुर्चीतून उठले, त्येंनी बी जोडले. मानूस जळायलाय अन् हे कुकू उधळायलेत!

लिंबाजी बाहेर व्हता. कालवा ऐकून आत आला, बगितलं अन् वरडला, "आरं देवी कशाची! बिजलीनं धरलाय त्याला!" त्यानं बांबूनं डायनामो फिरवनारा इंजनाचा पट्टा पाडला. डायनामो थांबला तव्हा मामा खाली पडला. त्याच्यात काही उरलं नव्हतं.

मातीला मालक आला, डोळं पुसत म्हनला, "नवमीला देवीनं उचलला. लय भाग्याचा." असलं भाग्य ह्येंच्या घरी कंदी जात न्हाई, गरिबाचंच दार बराबर घावतं त्याला.

तेराव्याच्या दुसऱ्या दिशी कस्तुरामामी जिनावर गेली. दारात वहाना नव्हत्या. आत दिवे लागलेले, डायनामो घरघरायलाय, अन् त्याच्यापाशी बन्सीधर. नवा मानूस घावंस्तोवर मालकानं त्यालाच हुबं केलं व्हतं. पायात मामाच्या वहाना.

"काढा," मामी म्हनली.

"आवो वैनी, उद्या देतो आनून. आता मशीन चालू हाय."

"लक्षुमीपुढं पायतान घालीत नसत्यात, मुनीमजी. काढा."

बन्सीधरनं इकडं बगितलं, तिकडं बगितलं. सगळे बगायलेत. एक वहान काढली, उघडा पाय भुईला टेकला, अन् इंगळी चावल्यावानी टुनकन उडी मारून मागं सरला.

"लिंबाजी! पाड पट्टा! आधी बंद कर त्याला, बंद कर!"

पट्टा पडला. दिवे इझले. बन्सीधरनं मंग दुसरी काढली. मामीनं दोन्ही वहाना पदरानं पुसल्या, काखंत मारल्या अन् झरीची वाट धरली.