राजे येतायत

भरलेला दरबार रंगवायला घेतला आणि राजांसाठी जागाच ठेवली नाही. चूक माझी, साक्षीदार बेहेरे सर. गेल्या महिन्यात सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीच्या रस्त्यावर गाडीत अडकलो होतो, आणि सांगायला लाज वाटते, पण मनात पहिल्यांदा आलं ते हेच... राजे राहिले.

दरबार रंगवायला घेतला तेव्हा मी नुकताच संगणकाच्या नोकरीला लागलो होतो. हातात पैसा खुळखुळू लागला की आपल्या अंगात कलाही असावी असं वाटायला लागतं. म्हणून दर रविवारी कसब्यात, सरांच्या दोन खोल्यांत तैलरंग शिकायला जाऊ लागलो. सरांची पद्धत एकच, जुन्या चित्राची नक्कल करायची. "नक्कल करताना आपल्याला काय येत नाही ते कळतं," असं ते म्हणत. बाकीच्यांनी फुलदाण्या निवडल्या, मी दरबार. छापील चित्रात उजवीकडे सिंहासनावर राजे, आणि झाडून सगळे सरदार त्यांच्याकडे माना वळवून उभे. "आधी चौकटी आखा. सगळ्यांच्या जागा ठरू द्या, मग नाकडोळे," सरांनी बजावलं. मी मान डोलावली आणि डावीकडच्या पहिल्या भालदारापासून थेट रंगवत सुटलो. एक माणूस हातावेगळा झाला की पुढचा, ऑफिसातल्या कामासारखा. मिशा, पागोटी, मोत्यांचे तुरे... माणसं आपोआप रुंद होत गेली. दिवाळीच्या सुमारास पाहतो तो उजव्या कडेला जेमतेम चार बोटं जागा उरलेली. सरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"दरबार भरलाय. राजे कुठं आहेत?"

"येतायत, सर."

"कसे? उभे की आडवे?"

पुढे कंपनीनं मला परदेशी धाडलं आणि कॅनव्हास सरांकडेच राहिला. परत आलो ते लग्न, फ्लॅट, हप्ते यांत बुडालो. गुरुपौर्णिमेला फोन मात्र चुकला नाही. सर विचारायचे, "राजे आले का हो?" मी म्हणायचो, "निघालेत." दोघंही हसायचो. पण अर्धवट चित्र घरात असलं की घास गोड लागत नाही, हे सरांचं वाक्य मला पाठ होतं. भेटायला गेलो तरी बाहेरच्या खोलीतच कॉफी पिऊन निघायचो, आत डोकावण्याचा धीर होत नसे. या माणसाचं इतक्या वर्षांचं जेवण आपण कडू केलं, असं वाटत राही.

दिवसकार्य झाल्यावर गेलो. "काकू, माझा तो कॅनव्हास नेतो," म्हटलं. काकूंनी आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. सरांच्या पलंगासमोर, झोपल्या झोपल्या दिसेल असा माझा दरबार टांगलेला होता. आणि उजवीकडच्या त्या चार बोटांत एक तांबडा पडदा, किंचित सरकलेला, आणि त्याखालून नुकतंच पुढे आलेलं एका जरीच्या मोजडीचं टोक. बस, एवढंच. पण माझे ते सगळे ढोले सरदार आता तिकडे पाहत होते, श्वास रोखून, जणू पहिल्यापासून असंच ठरलं होतं. छातीवरचं ओझं उतरलं आणि दुखवट्याच्या घरात मी चक्क मोठ्यानं हसलो.

काकू हसल्या नाहीत. "मी म्हटलं होतं त्यांना, एवढं केलंत तर राजांचं तोंड तरी दाखवा. तर म्हणाले, नको. आत येऊन ही माणसं बघितली तर परत जातील."