नवव्या होलवरची रांगोळी

पडदा वर जातो तेव्हा समोर माळ आहे. घाटमाथ्यावरचा, फेब्रुवारीतला, पिवळा पडलेला. मधोमध लिंबाचं झाड, त्याखाली दोन बकऱ्या, आणि उजव्या विंगेतून खांद्यावर ओलं पोतं टाकून येणारा एक उंच, वाळका माणूस. हे शेषराव. वय सदुसष्ट.

हा माळ म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या छोट्या गावाचं गोल्फचं मैदान. घाटावरची थंड हवा आवडली म्हणून इंग्रज साहेबांनी सव्वाशे वर्षांपूर्वी आखलेलं. नऊ होल. हिरवळीला पाणी कुठून आणणार? म्हणून प्रत्येक होलभोवती वाळूचा गोल, जळकं तेल कालवून दाबलेला. त्याला ब्राऊन म्हणतात. खेळून झालं की ज्याने त्याने पोतं ओढून आपल्या पावलांचे ठसे पुसायचे, ही इथली रीत. एकेचाळीस वर्षं शेषराव हे ब्राऊन राखत आले. मी रंगभूमी सोडल्यापासून रोज सकाळी तिथे फिरायला जाते. खरं सांगते, आमच्या नाटक कंपनीत नायिकेचा शालूसुद्धा कोणी इतका जपला नाही.

पण सभासद उरले अकरा. मैदान मोडून लग्नाचं लॉन करावं, असं क्लबाच्या सभेत निघालं. सचिव शंकरराव, निवृत्त मुख्याध्यापक, त्यांनी कशीबशी मुदत मागून घेतली. पुण्याच्या अनुपमाताई जुन्या मैदानांवर पुस्तक लिहीत होत्या आणि आमचं मैदान पाहायला येणार होत्या. मुद्दाम वाट वाकडी करून यावं असं हे मैदान आहे, असं त्या म्हणाल्या तर बाहेरचे खेळाडू येतील, म्हणून ते राहणार. नाहीतर शेषरावांचं पोतं कायमचं खुंटीला.

ताई येणार त्या दिवशी सकाळी मी पोचले तर नवव्या ब्राऊनपाशी शेषराव डोक्याला हात लावून बसलेले. अख्खा ब्राऊन शेणानं सारवलेला, आणि भोकाभोवती आठ पाकळ्यांचं ठसठशीत कमळ. शेजारी त्यांची बायको कोकिळाबाई, रांगोळीची वाटी हातात घेऊन, खुशीत उभी.

"हे काय केलं व?"

"काऊन? पुन्याची पाव्हणी येऊन राह्यली ना. तिले काय तेलकट माती दाखवाची?"

"अवं, थे अंगण नोहे! चेंडू घरंगळाले पाह्यजे तिथं."

"मंग घरंगळन की. म्या काय खड्डा केला?"

शेषरावांनी फावडं उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. खरवडलं तर खालची वाळू उचकटली असती, आणि ती बसायला महिना लागतो. तेवढ्यात शंकरराव आले, पाहून पांढरे पडले. म्हणाले, "आठच दाखवू. नववा दुरुस्तीला काढलाय म्हणून सांगू."

"नाही सर. नऊ म्हटलं त नऊच. खोटं काऊन बोलाचं?"

नऊ वाजता नांदुऱ्याच्या स्टेशनावरून जीप आली. अनुपमाताई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. चौथ्या होलला कड्यावरून नाल्यापलीकडे चेंडू मारावा लागतो. त्यांचा पहिला नाल्यात गेला, दुसरा पार झाला. चेहऱ्यावर काही नाही, नुसतं वहीत टिपणं. प्रत्येक ब्राऊनवर मात्र शेषरावांच्या हातून पोतं घेऊन त्यांनी स्वतः ओढलं. नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला धडधडायचं तसं माझं काळीज धडधडत होतं.

नववा आला. चेंडू सारवणाच्या काठावर येऊन थबकला. ताई कमळाकडे पाहत राहिल्या.

शेषराव पुढे झाले. "ताई, आमच्या घरच्या बाईनं पाव्हणी येते म्हनून सारवलं. चूक आमची. बाकीच्या आठाईवर राग नका काढू."

ताईंनी पिशवीतून नियमांचं पुस्तक काढलं, चाळलं. "रांगोळीचा नियम यात नाही. मैदान तुमचं. तुम्हीच सांगा, कसं खेळू?"

शेषरावांनी विचार केला. "रांगोळी मोडाची नाही. कमळाले चेंडू टेकला का होल झाला समजाचं."

"मान्य."

ताईंनी हलकेच मारलं. वाळलेल्या शेणावरून अडखळत चेंडू गेला आणि एका पाकळीला टेकून थांबला.

"लागला व माय!" कोकिळाबाईंनी टाळी पिटली, आणि तेव्हा कुठे ताई पहिल्यांदा हसल्या.

लिंबाखाली आल्यावर शंकररावांना राहवेना. "ताई, मग... मुद्दाम यावं असं आहे का?"

"नुसता चेंडू मारायचा असेल तर पुण्यात याहून बरी मैदानं आहेत," ताई म्हणाल्या. "पण वाळूची मैदानं मी एकतीस पाहिली, सर. कुठे प्लास्टिकचा गालिचा टाकलाय, कुठे झुडपं माजलीत. हाताने राखलेले, चेंडू सुतात धावेल असे आठ ब्राऊन मला कुठेच मिळाले नाहीत. आणि तो चौथा होल! मुद्दाम यावं. मुक्काम ठेवून यावं. तसं पत्र आजच लिहून देते."

शंकररावांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. शेषरावांनी मोठा श्वास सोडला आणि ते होते तिथेच खाली बसले. कितीतरी गावांत मी टाळ्या घेतल्या, पण त्या माणसाने सोडलेला तो श्वास मला त्या सगळ्या टाळ्यांहून मोठा वाटला.

"पाहा," कोकिळाबाई म्हणाल्या, "माह्या कमळानंच काम केलं."

शेषरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. डोळे भरलेले, ओठांवर हसू.

"हाव व, तुह्याच कमळानं. आता च्या मांड. सकाळपासून पाण्याचा घोट उतरला नाही माह्या घशाखाली."