खिशातले फ्यूज

माझे मिस्टर लातुरात कंत्राटी लाइनमन आहेत. खांबावर चढायच्या आधी ते डीपीतले तिन्ही फ्यूज उपसून शर्टाच्या खिशात टाकतात आणि वरून गुंडी लावतात. आपण वर असताना मागून कुणी लाइट चालू करू नये म्हणून ही त्यांची स्वतःची पद्धत. कुलूप लावावं तर डीपीच्या पेटीला दार पाहिजे, आणि ते कोणी कधी काढून नेलं, देव जाणे.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी ते घरी आले, चार घास गिळले आणि फरशीवर आडवे झाले. मी त्यांचा शर्ट भिजवायला घेतला तर खिसा जड लागला. बघते तर चिनी मातीचे तीन फ्यूज! तार जोडून झाली, खांबावरून उतरले आणि डीपीकडे न जाता सरळ घरी आले होते. सकाळपासूनचा तो पाचवा खांब होता, हे मला माहीत होतं. तरी माझं टाळकं सरकलं.

"अहो, उठा! गल्लीची लाइट खिशात घेऊन झोपलात का?"

ते फ्यूज घेऊन तसेच बनियनवर पळाले. मीही गाडीवर मागे बसले. कुणी अंगावर आलंच तर भांडायला घरचं माणूस असावं. त्यांना ते जमत नाही.

पोचलो तर घराघरांत पंखे फिरत होते. डीपीपाशी गल्लीतले एक निवृत्त साहेब हात झटकत उभे होते. पेटीत फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारेचे तुकडे अडकवलेले.

"कुठं होता हो? किती वाट बघायची? शेवटी मीच टाकली तार," ते म्हणाले, आणि वर हसले.

मिस्टरांनी हातातले फ्यूज पुढे धरले. "साहेब, मी खाली उतरलो का न्हाई, ते बघितलं होतं का कुणी?"

"तुमचा खांब पलीकडच्या गल्लीत. इथून काय दिसतंय?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मिस्टरांनी हात जोडले. "चुकलंच साहेब. लई उकाड्यात बसावं लागलं तुम्हाला."

साहेबांनी मोठ्या मनानं माफ केलं. मी अजून दोघांनाही केलेलं नाही.