फिटरकाकांचा एक हिवाळा

फिटरकाकांच्या तोंडी 'उद्या' हा शब्द मी कधी ऐकला नाही. वर्तकनगरच्या वसाहतीत मी भाड्यानं राहायला आले, त्या पहिल्याच आठवड्यात माझ्या मोरीतला नळ गळायला लागला. शेजारी डेपोतले कुणी फिटर राहतात एवढं कळलं होतं, म्हणून दार वाजवलं. गृहस्थ जेवत होते. मी ओशाळून म्हणाले, "घाई नाही, उद्या आलात तरी चालेल." त्यांनी हातातला घास ताटात ठेवला, हात धुतला, पाना उचलला आणि माझ्याआधी माझ्या दारात जाऊन उभे राहिले. त्यांच्या बायकोनं, हिराकाकूंनी, त्या ताटावर दुसरं ताट उपडं घातलं. हे त्यांच्या घरात रोजचंच असावं असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. वसाहतीतले लोक या स्वभावाचा पुरेपूर फायदा घेत. कुणाचा स्टोव्ह, कुणाचं शिवणयंत्र, कुणाच्या दाराची कडी. काका कुणाला ताटकळत ठेवत नसत, आणि काम झाल्यावर कुणाकडे चहालाही थांबत नसत.

दुसरी गोष्ट त्यांच्या चालण्याची. खोपटच्या डेपोत दिवसभर ते बस दुरुस्त करत, पण स्वतः बसमध्ये बसत नसत. रिक्षात नाही, कुणाच्या स्कूटरवर मागे नाही. सकाळी डबा घेऊन निघत ते पायी, संध्याकाळी येत तेही पायी. भर पावसात गुडघ्यापर्यंत चिखल उडालेला असे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पायांना काम पाहिजे ना, बाई." मी डोंबिवलीच्या एका शाळेत शिकवत होते, त्यामुळे माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे असूनही ते मला 'बाई' म्हणत. उत्तर देताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नव्हतं, म्हणून मी पुन्हा विचारलं नाही.

खरं कारण मला हिराकाकूंनी सांगितलं, कोळंबी सोलता सोलता. त्या माजिवड्याच्या पलीकडच्या खाडीकाठच्या, कोळ्यांच्या. काका साताऱ्याकडचे. दोन्ही घरांचा विरोध पत्करून लग्न झालेलं. काकांकडे तेव्हा एक जुनी विलायती मोटारसायकल होती, लढाईच्या काळातली. तिच्यावर बसून ती दोघं आणि त्यांची पाच वर्षांची चिमी नारळी पुनवेला काकूंच्या माहेरी गेली होती. परतताना माजिवड्याजवळ ओल्या रस्त्यावर समोर बैल आला. पुढचा ब्रेक लागला नाही. चिमी टाकीवर बापाच्या पुढ्यात बसली होती. ती दवाखान्यापर्यंतही पोचली नाही.

"ब्रेकची तार पिचली होती," काकू म्हणाल्या. "यांना माहीत होतं. आदल्या दिवशी मीच म्हटलं, बदला. तर म्हणाले, उद्या बदलतो."

त्यांनी कोळंबीची सालं कागदात गुंडाळली आणि भात लावायला उठल्या. या गोष्टीला तेव्हा तेरा वर्षं झाली होती. पुढं त्यांना मूल झालं नाही. काकूंच्या आईनं जावयाला दार बंद केलं, आणि ज्या घरात नवऱ्याला पाणी मिळत नाही तिथं काकूही गेल्या नाहीत.

ती गाडी मात्र घरातच होती. खोलीच्या मागची पडवी काकांनी पत्रे ठोकून बंद करून घेतली होती. तिथं त्यांचं छोटं वर्कशॉप होतं, एक टेबल, त्यावर लोखंडी शिकंजा बसवलेला, कानशी ओळीनं टांगलेल्या. कोपऱ्यात ताडपत्रीखाली ती गाडी. ताडपत्रीवर जुनी गादी, गादीवर रिकामे डबे. इतकी वर्षं काका तिच्याकडे पाठ करून काम करत.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. त्या दिवाळीत हिराकाकूंचे पाय सुजले. दोन पायऱ्या चढल्या की धाप लागायची. लहानपणच्या तापानं हृदयाची झडप खराब झाली होती, ते आता उघडकीला आलं. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन काय सांगितलं ते काकांनी कुणाला सांगितलं नाही, पण काकूंना कळायचं ते कळलं. भाऊबीजेनंतर मी फराळाचा डबा परत द्यायला गेले, तेव्हा दोघं पडवीच्या दारात उभी होती. काकूंचं बोलणं वसाहतीत राहून शहरी झालं होतं, पण अगदी मनातलं बोलायचं झालं की माहेरची बोली वर यायची आणि गाडीची 'गारी' व्हायची.

"ती गारी चालती करा," त्या म्हणत होत्या.

"कशाला?"

"मी गेल्यावर तुमी ती भंगारात द्याल. नायतर तिच्याशेजारी बसून राहाल. दोन्ही मना नको. चालती करा, मग कुनाला द्याची त्याला द्या."

"हिरा, मला नाही जमायचं."

"मना चालती बगाची हाय," त्या म्हणाल्या आणि डबे एकेक करून खाली उतरवायला लागल्या. तिसऱ्या डब्याला धाप लागली. मग काकांनी उरलेले उतरवले.

असा तो हिवाळा सुरू झाला. ठाण्याची थंडी ती काय, पहाटे एखादी शाल पुरते. पण त्या वर्षी मला ती भिंतीपलीकडून येणाऱ्या रॉकेलच्या वासानं आणि कानशीच्या आवाजानं आठवते. ताडपत्री काढली तेव्हा आत गंजाचा ढीगच होता. चाकांच्या तारा हात लावताच तुटत होत्या. सीटमध्ये उंदरांनी घर केलेलं. टाकीला डाव्या बाजूला मोठा पोचा. इंजिन पार जाम झालेलं. काका डेपोतून चालत येत, चहा घेत आणि काळोख पडेपर्यंत पडवीत बसत.

काम करतानाचे काका मला तेव्हाच नीट दिसले. उघडलेला प्रत्येक नट ते जुन्या वर्तमानपत्रावर क्रमानं मांडत आणि शेजारी खडूनं आकडा घालत. "उघडायला काय, कुणीही उघडेल. परत बसवताना क्रम लागतो, बाई." जाम पिस्टनवर त्यांनी एकदाही हातोडा घातला नाही. रोज सकाळी वरच्या भोकातून थोडं तेल सोडायचं आणि संध्याकाळी हातानं हलकं ढकलून बघायचं. आठ दिवस काही हललं नाही. नवव्या दिवशी केसभर सरकलं, तेव्हा त्यांनी काकूंना हाक मारून दाखवलं. मला काही फरक कळला नाही. काकू मात्र म्हणाल्या, "हललं की हो!"

काकू पडवीच्या उंबऱ्याशी वेताच्या मोड्यावर बसून असत, पायांवर चादर घेऊन. तांदूळ निवडायच्या ताटात नट घेऊन रॉकेलमध्ये बुडवलेल्या ब्रशनं घासत. रंगाचा विषय निघाला तेव्हा काकांना आठवेना, टाकीवरची रेघ सोनेरी होती की पांढरी. "पिवली होती, हलदीसारखी," काकू म्हणाल्या. "मी लग्नात पयल्यांदा बसले तवा बोट फिरवून बघितली होती." रेघ पिवळी ठरली. टाकीचा पोचा मात्र काकांना काढवेना. काकूंनी आपलं जुनं लुगडं फाडून दिलं, ते लाकडी हातोड्याला गुंडाळून त्यांनी दोन दिवस हळूहळू ठोकून पत्रा सरळ केला. सरळ झाल्यावर दोघं टाकीकडे बघत बसली. त्या जागेवर आता काहीच दिसत नव्हतं. काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि आत गेल्या.

माझा या कामातला वाटा म्हणजे हमाली. इंजिनाचा सिलिंडर आतून झिजला होता आणि तो नीट करून देणारा एक म्हातारा टर्नर डोंबिवलीला कारखान्यांच्या भागात होता. तो वजनदार तुकडा मी वह्यांच्या पिशवीतून घेऊन गेले आणि चार दिवसांनी परत आणला. सातवीच्या वह्यांना तेलाचे डाग पडले. मुख्याध्यापिकांनी विचारलं, तर मी डबा सांडला म्हणून सांगितलं. वसाहतीत मात्र कुजबुज होती. पोर जिच्यामुळं गेली तीच गाडी हे लोक सजवतात कशी, असं बायका नळावर म्हणत. एकीनं ते काकूंच्या तोंडावर म्हटलं. काकू म्हणाल्या, "गारीनं काय केलं? गारी बिचारी गारी." ती बाई निघून गेली आणि पुढं बोलायची बंद झाली.

संक्रांत झाली. काकूंची सूज पोटरीपर्यंत चढली. गाडी जवळजवळ तयार होती, फक्त पुढच्या ब्रेकची तार बसवायची राहिली होती. तार आणून टेबलावर ठेवलेली होती, कागदसुद्धा सोडला नव्हता. एक दिवस गेला, दोन गेले, आठवडा गेला. काका आधीच चकचकीत केलेले भाग पुन्हा पुन्हा पुसत बसत. त्या माणसानं एखादं काम असं ठेवून दिलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

मग एका शनिवारी शाळा लवकर सुटली. मी घरी येऊन चहा टाकला आणि काकूंना कप द्यायला गेले. काका जमिनीवर बसले होते, तार मांडीवर, हात तसेच. खांदे हलत होते. काकू मोड्यावरून उठल्या, धाप लागलेली, आणि त्यांच्यासमोर खाली बसल्या.

"द्या इकडं."

त्यांनी दोन बोटांनी तारेला ग्रीस लावलं, टोकापासून टोकापर्यंत. मग ती नळीतून सरकवायला लागल्या. तार वाकायची, अडकायची, त्या मागं घ्यायच्या, परत सरकवायच्या. दुसऱ्या टोकाला ती बाहेर आली तेव्हा काकांनी पुढं होऊन धरली आणि स्क्रू आवळला.

"दाबून बघ," काका म्हणाले.

काकूंनी दोन्ही हातांनी ब्रेक दाबला. काकांनी पुढचं चाक जोर लावून फिरवायचा प्रयत्न केला. फिरलं नाही. पुन्हा दाबायला सांगितलं, पुन्हा जोर लावला. असं त्यांनी किती वेळा केलं असेल, देव जाणे. माझ्या हातातला चहा निवून गेला.

महाशिवरात्रीच्या आधीच्या रविवारी सकाळी गाडी सुरू झाली. सतराव्या-अठराव्या किकला. धूर पडवीभर, आवाजानं पत्रे थरथरले. काकूंनी हिरवं नऊवारी नेसलं होतं. मी आणि काकांनी त्यांना धरून मागच्या सीटवर बसवलं. तेरा वर्षांनी काका गाडीवर बसले आणि बैलगाडीच्या वेगानं वसाहतीच्या फाटकाबाहेर पडले. गॅलऱ्यांतून माणसं बघत होती. कुणी हात केला नाही.

पुढचं मला काकूंनी सांगितलं. माजिवडा आला तसे काका थांबले, इंजिन बंद केलं आणि खाली उतरले. "चालवा की," काकू म्हणाल्या. "इथं नाही," काका म्हणाले. त्यांनी काकूंना तसंच सीटवर बसू दिलं आणि हँडल धरून, ढकलत, ती जागा पार केली. ट्रकवाले भोंगे वाजवत होते. "लोकांना वाटलं गारी बंद पडली," काकू हसून म्हणाल्या. "मी बसलीये वर, नवरीसारखी."

कोळीवाड्यात काकूंची आई दारात जाळं घेऊन बसली होती. ऐंशीच्या घरातली बाई. लेक दिसली तरी उठली नाही. गाडीकडे बघत राहिली. मग काठी टेकत आली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा जावयाशी बोलली.

"पोर कुठं बसली होती?"

काकांनी टाकीवर हात ठेवला. म्हातारीनं त्यांचा हात बाजूला केला आणि तिथं आपला ठेवला. बराच वेळ ठेवला. टाकी उन्हानं आणि इंजिनानं तापलेली होती, भाजत असणार. मग ती वळली आणि घरात जाता जाता म्हणाली, "जेवाला बसा."

हिराकाकू आषाढात गेल्या. बाराव्याला त्यांचा भाऊ आला, तेव्हा काकांनी गाडी त्याच्या हवाली केली. कुठल्या नटाला किती दिवसांनी तेल द्यायचं ते कागदावर लिहून दिलं. पडवी मोकळी झाली. मी लग्न करून कल्याणला गेले आणि मग जाणं-येणं विरळ होत गेलं. दर वेळी काका जास्त वाळलेले दिसत. निवृत्तीनंतर त्यांचे हात कापायला लागले. चमचा धरला तरी वाजायचा. लोकांनी कामं आणणं बंद केलं होतं. "हात ऐकत नाहीत, बाई," एवढंच ते म्हणायचे.

मी शेवटची गेले ते पौषातले दिवस होते. त्यानंतर काका दोन-तीन महिनेच जगले, पण तेव्हा हे मला माहीत नव्हतं. बोलता बोलता ते थांबले आणि म्हणाले, "ती शेवटची दवाखान्यात होती, तेव्हा मी तिला एकदा विचारलं होतं. हिरा, माफ केलंस का मला?"

मी हातातला कप खाली ठेवला.

"नाही म्हणाली." त्यांनी कापणारा हात दुसऱ्या हातानं धरून ठेवला. "म्हणाली, नाय. पर चिमीसाठी रडाला तुमच्याबिगर मना दुसरा कोन होता?"

बाहेर कुणीतरी वाळत घातलेले कपडे काढत होतं.

"आता मलाही दुसरं कुणी नाही, बाई," ते म्हणाले.

  मी मोडा ओढून त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं, "चिमी कशी होती दिसायला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग डोळे पुसले आणि सांगायला लागले.